खाऱ्या पाण्याची टाकी, नेरुळ : मासा सोडण्याआधीच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

टाकी आज जागेवर बसली. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच ८ मिलिमीटर. काठोकाठ भरली तर सुमारे १२७ लिटर. वरची मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा करता पाणी १०० लिटरच्या आसपास राहील. पुढचे सगळे हिशेब याच १०० लिटरवर धरलेत.

या नोंदी ठेवायचं कारण आधी सांगते. गोड्या पाण्याच्या टाक्या मी सहा वर्षं सांभाळतेय. दोन वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्याचा पहिला प्रयत्न केला. दुकानदार म्हणाला, "ताई, तीन दिवस फिल्टर चालवा आणि मासे सोडा." चौथ्या दिवशी दोन क्लाउनफिश आणले. त्यानंतर पाच दिवसांनी एक पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकत होता, आठवड्यात दोघंही गेले. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं विचारलं, "आई, पाणी एवढं स्वच्छ आहे, मग ते का मेले?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर अमोनिया होतं. तो माशांच्याच उत्सर्गातून पाण्यात साठतो, आणि डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा माझ्याकडे पाणी तपासायचा एकही किट नव्हता.

यावेळी क्रम उलटा. आधी मोजायची साधनं, मग पाणी, मासे सगळ्यात शेवटी.

आजचं काम एवढंच: नळाचं पाणी भरून गळती बघणं. खाली वर्तमानपत्रं अंथरली आहेत, थेंब पडला तर लगेच कळतो. पाणी भरल्यावर डाव्या बाजूला काठापासूनचं अंतर उजवीपेक्षा ४ मिलिमीटर कमी निघालं, म्हणजे फरशीला उतार आहे. टाकी रिकामी करून स्टँडच्या पायांखाली पॅकिंग घातलं. काचेखाली पॅकिंग घालू नका, एका कोपऱ्यावर भार आला की काच तडकते.

१२ मार्च

दोन दिवस पाण्यात गेले.

नेरुळला मोरबे धरणाचं पाणी येतं. आमच्या नळाला टीडीएस (विरघळलेले क्षार) ८८. प्यायला उत्तम, पण त्यातलं क्लोरीन, सिलिकेट, फॉस्फेट खाऱ्या टाकीला नको असतं, म्हणून आरओचं पाणी. घरात प्युरिफायर आहेच, तर त्याचं पाणी साठवायला घेतलं. ६० लिटर साठल्यावर सहज मीटर बुडवला: ४६.

खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणारा एक मित्र वाशीला राहतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मेम्ब्रेन गेली असेल, नाहीतर टीडीएस कंट्रोलर उघडा असेल. झाकण काढून बघ." झाकण काढलं. मेम्ब्रेनला वळसा घालून एक बारीक नळी येते आणि न गाळलेलं पाणी चवीसाठी शुद्ध पाण्यात मिसळते. तिच्यावर छोटा स्क्रू असतो. तो पूर्ण बंद केला. अर्ध्या तासानं मीटर ९ वर आला. पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं जोडलं (७५० रुपये), आता ०.

साठवलेले ६० लिटर कपड्यांना गेले. घरातला आरओ वापरणार असाल तर पहिला थेंब साठवण्याआधी हा स्क्रू बघा. आणि पिण्याचं पाणी काढताना तो पुन्हा उघडायचा असतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. शुद्ध एक लिटरमागे आमच्याकडे दोन-अडीच लिटर पाणी बाहेर पडतं. ते बादलीत धरून लादी पुसायला आणि झाडांना वापरतोय.

१६ मार्च

मीठ कालवलं. स्वयंपाकाचं नाही, खाऱ्या टाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ. लिटरला ३७ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला ३ किलो ७०० ग्रॅम. ६० लिटरचा अन्नासाठी चालणारा निळा ड्रम घेतला आणि दोन हप्त्यांत काम केलं. आधी पाणी, त्यात पंप सुरू, मग मूठमूठ मीठ. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी घट्ट द्रावण होऊन कॅल्शियम पांढऱ्या चुऱ्यासारखं बाहेर पडतं आणि मग विरघळत नाही. रात्रभर पंप चालू ठेवला.

सकाळी रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) आरओच्या पाण्यानं शून्यावर आणला आणि टाकीचं पाणी बघितलं. बरोबर ३५ पीपीटी, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, समुद्राइतकेच. फार बरं वाटलं.

१८ मार्च

कालचं बरं वाटणं चुकीचं होतं.

स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर बरोबर असला तरी ३५ वर बरोबर असेलच असं नाही. शून्य आणि ३५ यांच्यामधली पट्टी थोडी ताणलेली किंवा आखडलेली असू शकते, शिवाय काही साधनं समुद्राच्या पाण्यासाठी नाही तर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असतात. म्हणून तपासणी ३५ च्या जवळच करायची. त्यासाठीचं तयार द्रावण बाजारात मिळतं, पण ते स्वयंपाकघरातही करता येतं. वजनानं ३.६५ टक्के साधं मीठ असलेलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतकंच दिसतं.

आमचा काटा एका ग्रॅमपर्यंतच मोजतो, म्हणून जरा जास्त प्रमाणात केलं: ७३ ग्रॅम मीठ आणि १,९२७ ग्रॅम आरओचं पाणी. पाणीही वजनानंच घेतलं, मापानं नाही. मीठ संपूर्ण विरघळल्यावर दोन थेंब काचेवर घातले, अर्धा मिनिट थांबले, उजेडाकडे धरून बघितलं. निळ्या-पांढऱ्याची रेघ ३२ वर.

म्हणजे साधन तीननं कमी दाखवत होतं, आणि ज्याला मी ३५ समजत होते ते पाणी ३८ च्या घरात होतं. स्क्रू फिरवून रेघ ३५ वर आणली आणि टाकीचं पाणी पुन्हा बघितलं: ३८. आठ लिटर काढलं, आठ लिटर आरओ घातलं, तासाभरानं ३५. द्रावणाची बाटली घट्ट झाकून ठेवली आहे, दर रविवारी साधन आधी तिच्यावर तपासते.

२० मार्च

दगड आणि वाळू. कोरडा अरागोनाइट दगड १० किलो, वाळू ८ किलो. दोन्ही मिळून ७,४०० रुपये. सगळ्यात मोठा खर्च हाच.

शेजारचे काका करावे गावचे. पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर वाढलेलं घर. त्यांनी अगदी मनापासून सुचवलं, "खाडी हाकेच्या अंतरावर असताना मीठ विकत कशाला घेता? मी कॅन भरून आणून देतो." त्यांना नाही म्हणणं जड गेलं. ठाण्याच्या खाडीत शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी येतं, आणि पावसाळ्यात तिचा खारटपणा पार उतरतो. आपल्याला रोज सारखं पाणी हवं. दगडांच्या बाबतीत तर प्रश्नच नाही: प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड कुणी "लाइव्ह रॉक" म्हणून देऊ केला तर घेऊ नका. कायद्याचा धाक आहेच, पण तो दगड कुठल्या तरी जिवंत खडकावरून तोडलेला असतो.

दगड आधी थेट तळकाचेवर बसवले, मग भोवती वाळू. वाळूवर दगड ठेवला आणि पुढे माशानं खालची वाळू उकरली तर तो काचेवर कोसळतो. वाळू मी चार पाण्यांनी धुतली, ते कमी पडलं. टाकी ताकासारखी पांढरी झाली. निवळायला दोन दिवस लागले. दहा-बारा पाणी तरी द्या.

२३ मार्च

आज टाकीला पहिलं खाद्य दिलं, म्हणजे अमोनिया. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं कमी घातक नायट्रेट करतात. मासे नसताना हे जिवाणू वाढवायचे तर त्यांना खायला काहीतरी हवं. काही जण कोळंबीचा तुकडा सडवतात. त्यात किती अमोनिया सुटतो ते आपल्या हातात राहत नाही, आणि फ्लॅटमध्ये तो वासही नको. मी अमोनियम क्लोराइड घेतलं.

सासूबाईंनी बरणीवरचं नाव वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, म्हणजे नवसागर. कल्हईवाला आणायचा तो. तापलेल्या पातेल्यात टाकला की पांढरा धूर निघायचा." तोच तो. मी गेल्या आठवड्यात आधी किराणा दुकानातलाच आणला होता, ४० रुपयांचा. पाण्यात घातला तर तळाशी करडा गाळ आणि वर पिवळसर तवंग. भांड्यांना तो चालत असेल, पण त्यात आणखी काय आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून टाकून दिला. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अर्धा किलो २८० रुपयांना मिळालं. एवढं आयुष्यभर पुरेल.

हिशेब: १०० लिटरमध्ये २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया हवा, म्हणजे २०० मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी अमोनियम क्लोराइड सुमारे ०.६३ ग्रॅम लागतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एवढं वजन होत नाही. म्हणून ६३ ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवून बरोबर एक लिटर द्रावण केलं. त्यातलं १० मिलिलिटर म्हणजे एक मात्रा. औषधाची सिरिंज वापरली आणि बाटलीवर ठळक अक्षरात "विष, पिऊ नये" लिहून ती कपाटात वर ठेवली.

सकाळी १० ला मात्रा, ११ वाजता चाचणी: अमोनिया २, नायट्राइट ०, नायट्रेट ०. तापमान २७.८. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८.४ डीकेएच, हे तिचं एकक. जिवाणूंची बाटलीही ओतली (१,४०० रुपये).

किट वाचायची पद्धत आजच ठरवली: दिवसाउजेडी, खिडकीपाशी, नळीमागे पांढरा कागद. रात्री हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली तीच नळी बघितली तेव्हा २ चा हिरवा रंग ४ सारखा वाटला.

३० मार्च, गुढीपाडवा

आठ दिवस झाले. अमोनिया २, नायट्राइट ०. काहीही हललेलं नाही.

गुढी उभारून झाल्यावर मित्राला पुन्हा फोन केला. त्यानं बाटलीबद्दल विचारलं. ती कुठे ठेवलेली होती हे मला आठवत होतं: दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात. मुदत संपलेली नव्हती, पण आत जिवंत असं काही उरलं असेल असं वाटत नाही. सिद्ध करू शकत नाही. पुढच्या वेळी थंड जागी ठेवलेलीच बाटली घेईन.

माझ्या गोड्या पाण्याच्या टाकीतला स्पंज टाकून चालेल का, असंही त्याला विचारलं. तो म्हणाला, "एकदम खाऱ्यात गेले की त्यातले जिवाणू टिकायचे नाहीत. माझ्या चालू टाकीतलं सिरॅमिक घेऊन जा, त्यावर जिवाणू बसलेले आहेत."

१ एप्रिल

संध्याकाळी ऑफिसमधून थेट वाशीला. त्याच्या फिल्टरमधले सिरॅमिकचे दोन-तीन मूठ तुकडे, त्याच्याच टाकीच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले. डबा मांडीवर धरून लोकलनं नेरुळ, पाऊण तासात घरी. तुकडे जाळीच्या पिशवीत घालून पंपाच्या प्रवाहात टांगले. ते कोरडे पडू द्यायचे नाहीत आणि नळाच्या पाण्याखाली धरायचे नाहीत, एवढंच सांभाळायचं.

तिथेच एक छोटा नवा स्पंजही टांगून ठेवला. तो पुढे वेगळ्या टबसाठी लागेल.

५ एप्रिल

अमोनिया १. नायट्राइट १!

तेरा दिवसांनी नळी पहिल्यांदा जांभळी झाली. लेकीला शाळेची घाई होती, तरी दप्तर पाठीवर घेऊनच तिनं नळी खिडकीत धरून बघितली.

८ एप्रिल

अमोनिया ०.२५. दुसरी मात्रा दिली, पुन्हा २ पीपीएम.

१२ एप्रिल

अमोनिया ०. चारच दिवसांत २ पीपीएम संपलं, म्हणजे पहिला टप्पा चांगला रुजला.

नायट्राइट मात्र तक्त्याच्या बाहेर. शेवटचा रंग ५ चा, आमची नळी त्याहून गडद. अशा वेळी "५ पेक्षा जास्त" एवढंच लिहून भागत नाही, उतरतंय की चढतंय ते कळायला हवं. टाकीचं पाणी एक भाग आणि आरओ तीन भाग करून पुन्हा मोजलं: २. चारनं गुणलं, ८.

इथे थांबायचं असतं. नायट्राइट एवढं वर असताना अमोनिया ओतत राहिलं तर ते आणखी चढतं आणि वाट लांबते. आता नवी मात्रा नाही.

आणि एक गोष्ट खटकली. नायट्रेटचा किट अजूनही ० दाखवतोय. नायट्रेटचे थेंबांचे किट आतल्या नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मग रंग देतात. त्यामुळे पाण्यात नायट्राइट भरलेलं असताना नायट्रेटची नळी उलट खोटी जास्त दाखवायला हवी. ८ नायट्राइट आणि ० नायट्रेट हे एका पाण्यात बसतच नाही. म्हणजे दोष पाण्यात नाही, मोजण्यात आहे.

किटची दुसऱ्या क्रमांकाची बाटली उजेडाकडे धरली. तळाशी करड्या पुडीचा घट्ट थर बसला होता, आणि मी तीन आठवडे वरचं नुसतं पाणी मोजून थेंब घालत होते. माहितीपत्रकात लिहिलंय, अर्धा मिनिट जोरात हलवा. मी हलवत होते, पण कफ सिरपची बाटली हलवतो तसं. बाटली टेबलावर आपटून थर सुटा केला, अर्धा मिनिट मनगट दुखेपर्यंत हलवली, थेंब घातल्यावर नळीही मिनिटभर हलवली. पाच मिनिटांनी लालभडक.

२३ मार्चपासूनचे नायट्रेटचे सगळे आकडे वहीत खोडले. हा लाल रंगही नायट्राइट उतरेपर्यंत खरा मानायचा नाही.

१३ एप्रिल

बाकीची चाचणी केली. अल्कलिनिटी ८.४ वरून ७.१. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते अल्कलिनिटी खातं. २ पीपीएम अमोनियामागे साधारण ०.६५ डीकेएच. दोन मात्रांचे १.३, हिशेब जुळला. ही घसरण दुर्लक्षित राहिली तर पीएच पडतो आणि जिवाणू मंदावतात.

उपाय घरातच आहे: खाण्याचा सोडा. १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की १ डीकेएच वाढते. मी ४ ग्रॅम ग्लासभर आरओच्या पाण्यात विरघळवून दोन तासांत थोडा थोडा ओतला. बेकिंग पावडर नको, तिच्यात स्टार्च आणि आम्लाचा घटक मिसळलेला असतो. संध्याकाळी ८.४.

पीएच तरीही ७.८ वरच राहिला. इथे मी पीएच वाढवणारं रसायन आणायला निघाले होते. त्याआधी एक साधी तपासणी केली, तिनं पैसे वाचवले. टाकीतलं पाणी पेलाभर घेतलं, गॅलरीत नेलं, छोट्या एअरपंपाचा दगड सोडून तासभर बुडबुडे दिले. पेल्यातला पीएच ८.२. त्याच वेळी टाकीतला ७.८. पाणी एकच, फरक फक्त हवेचा. उकाड्यामुळे आम्ही हॉलची दारं-खिडक्या लावून एसी चालवतो आणि रात्री सगळे तिथेच झोपतो. पाच माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड कोंडलेला, तोच पाण्यात उतरतो.

आता सकाळी सहा ते आठ खिडक्या सताड उघड्या. दुपारपर्यंत ८.१ येतो. रसायन आणलं नाही.

१९ एप्रिल

काल दुपारी टाकी ३१.२ अंश. एसी दिवसा बंद असतो. चिलरची किंमत टाकीच्या दुपटीहून जास्त, तो झेपणार नाही. पाण्यावर तिरपा वारा टाकणारे दोन छोटे पंखे लावले (७०० रुपये). संध्याकाळी २८.४.

पंखे पाणी उडवून थंड करतात, आणि उडतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं. रोज दीड लिटर कमी होतंय. काचेवर मार्करनं रेघ मारली आहे आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत भरायचं, तेही साधं आरओचं. खारं पाणी भरलं तर खारटपणा वाढतच जाईल.

२३ एप्रिल

तीन दिवस गावी गेलो होतो. भरायचं काम कुणाला सांगितलंच नाही. आल्यावर पाणी रेघेच्या बरंच खाली, खारटपणा ३६.५. मासे असते तर मी एवढ्या निर्धास्तपणे गेलेच नसते, पण सवय आत्ताच लागायला हवी. आरओचं पाणी दिवसभरात तीन वेळा विभागून भरलं. रात्री ३५. काकांना रेघ दाखवून ठेवली आहे.

नायट्राइट, पाणी पातळ करून: २.

२६ एप्रिल

अमोनिया ०, नायट्राइट ०. नायट्रेट १० आणि २० च्या मध्ये. आता हा आकडा खरा मानते: आजवर ४ पीपीएम अमोनिया दिला, त्याचं संपूर्ण नायट्रेट झालं तर १४-१५ व्हायला हवं. वही आणि नळी पहिल्यांदा एकमेकींशी जुळल्या.

२७ आणि २८ एप्रिल

शून्य दिसलं म्हणून टाकी तयार झाली असं नाही. रोज येणारा भार ती रोज पचवते का, ते बघायचं. २ पीपीएम द्यायचा आणि २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत.

रविवारी सकाळी ७ ला मात्रा. संध्याकाळी ७ ला अमोनिया ०.५, नायट्राइट १. सोमवारी सकाळी ७ ला अमोनिया ०, नायट्राइट ०.५.

नापास.

सोमवारी लेकीचा वाढदिवस होता. जानेवारीत मी तिला म्हणाले होते, "वाढदिवसापर्यंत मासे येतील." नायट्राइट समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्याइतकं घातक नसतं, कारण पाण्यातलं क्लोराइड ते माशाच्या कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. ०.५ वर कदाचित भागलं असतं. घरातल्यांनीही तेच सुचवलं. पण दोन वर्षांपूर्वीही आम्ही "भागेल" म्हणूनच सोडले होते.

तिला खिडकीपाशी बसवून दोन्ही नळ्या दाखवल्या. एक पिवळी, एक फिकट जांभळी. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "ही निळी व्हायला किती दिवस?" मी म्हटलं, "माहीत नाही, पण झाल्याशिवाय नाही." त्या दिवसापासून सकाळची चाचणी तीच करते. थेंब मोठ्यानं मोजते आणि बाटली माझ्यापेक्षा जोरात हलवते.

१ आणि २ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून मात्रा आज दिली. सकाळी ७ ला २ पीपीएम.

२ मे, सकाळी ७: अमोनिया ०, नायट्राइट ०. नळी स्वच्छ आकाशी निळी.

लगेच उत्साहात काही केलं नाही. अल्कलिनिटी ७.१ झाली होती, सोडा देऊन ८.४ वर आणली. नायट्रेट ३० च्या आसपास.

४ मे

अर्धं पाणी बदललं. नवं पाणी आदल्या रात्री कालवून, खारटपणा आणि तापमान जुळवून. नायट्रेट १५ वर. दगडांवर आणि वाळूवर तपकिरी साय धरली आहे. डायाटम, म्हणजे एक सूक्ष्म शैवाल. नव्या टाकीत ती येतेच. काचेवरची पुसली, बाकीची तशीच ठेवली.

७ मे

काल संध्याकाळी वादळी पाऊस झाला आणि वीज तीन तास गेली. जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो, प्रवाह थांबला की दगडांच्या आतले आधी गुदमरतात. बॅटरीवर चालणारा एअरपंप (६५० रुपये) मार्चमध्येच घेऊन ठेवला होता, पण सेल घातले नव्हते. टॉर्चमधले काढून घातले. आता सेल पंपात आणि एक जोडी डब्यात.

वीज गेल्यानं काही बिघडलं का ते बघायला रात्री अर्धी मात्रा, १ पीपीएम. आज सकाळी दोन्ही शून्य.

१० मे

मासे ठरवले. समुद्रातून पकडलेले घ्यायचे नाहीत हे आधीपासून नक्की होतं. क्लाउनफिशची टाकीतली पैदास आपल्याकडे होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं तिचं तंत्र बसवलेलं आहे. थोडं शोधलं तर अशी पिल्लं मिळतात.

पैदास करणाऱ्याला पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारले. काय खातात, माझ्यासमोर खाऊ घालाल का, आणि तुमच्या पाण्याचा खारटपणा किती? उत्तर आलं ३०. आमचा ३५. खाऱ्यातून कमी खाऱ्यात मासा पटकन सावरतो, उलट दिशेनं एकदम नेलं तर त्याच्या अंगातलं पाणी खेचलं जातं. तासभर थेंब थेंब पाणी सोडून पाच पीपीटीचा फरक भरून काढणं मला पटत नाही. पिशवीत वाटेत अमोनिया साठलेला असतो. पिशवी उघडून हवा लागली की कार्बन डायऑक्साइड निघून पीएच चढतो, आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. अशा पाण्यात त्यांना जास्त वेळ ठेवायचं नाही.

म्हणून ४० लिटरचा टब वेगळा लावला, खारटपणा बरोबर ३०. त्यात एप्रिलपासून मोठ्या टाकीत टांगलेला स्पंज आणि लपायला पीव्हीसीचे दोन तुकडे. मासे थेट टबात जातील, खारटपणा रोज एक पीपीटीनं वाढवायचा, आणि दोन आठवडे अंगावर ठिपके किंवा जोरात श्वास दिसतोय का ते बघायचं. तोवर मोठ्या टाकीला दर दोन दिवसांनी अर्धी मात्रा, नाहीतर जिवाणू उपाशी राहतील.

आजवरचा खर्च, टाकी आणि स्टँडसकट: २९,८५० रुपये. त्यात चुकांचे (किराण्यातला नवसागर, उन्हातली बाटली, जास्तीचं मीठ) साधारण १,७००.

११ मे, रविवार

दुपारी १२ ला जोडी घरी आली. १,४०० रुपये. पिशवी वीस मिनिटं टबात तरंगत ठेवली, तापमान जुळल्यावर मासे हातजाळीनं उचलून टबात सोडले, पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं. मोठी साधारण दीड इंच, लहान एक इंच. लहानाचा मधला पांढरा पट्टा एका बाजूला तुटका आहे.

पहिला तासभर दोघंही पाइपमध्ये. चार वाजता मोठी बाहेर आली. लेकीनं चार दाणे टाकले, मोठीनं तीन खाल्ले, लहानानं एक तोंडात घेऊन टाकला आणि पुन्हा उचलला.

१२ मे, सकाळी ७

टब: अमोनिया ०. खारटपणा ३०. तापमान २८.२. श्वास संथ, दोघंही पाइपच्या बाहेर.

मोठी टाकी: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५, अल्कलिनिटी ८.२, खारटपणा ३५.

लेकीनं आज वहीत पहिल्यांदा माशांसाठी वेगळा रकाना आखलाय. आजपासून संध्याकाळी टबातलं पाणी ३१ वर न्यायचं.